२५ पिनांवरून सहा आरसीए: होम थिएटरची केबल घरीच बनवा

जुन्या काही ॲम्प्लिफायरना ५.१ इनपुटसाठी (म्हणजे सहा चॅनलच्या आवाजासाठी) सहा आरसीए सॉकेट (ऑडिओच्या एकपदरी वायरचे गोल सॉकेट) नसतात, मागे २५ पिनांचा एकच डी-सब कनेक्टर (इंग्रजी D च्या आकाराचा) असतो. ५.१ आउटपुटच्या डीव्हीडी प्लेअरला मात्र सहा आरसीए. जोडणारी तयार केबल जळगाव-धुळ्यात सहज मिळत नाही, पण सुटे भाग जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडला विचारत फिरलं की हाती लागतात.

सामान: सॉकेटला बसेल असा डी-सब कनेक्टर (मेल की फिमेल, आधी बघून घ्या) कव्हरसकट, सहा आरसीए पिना, शिल्ड वायर (मधल्या तारेभोवती जाळी असलेली), हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी), २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर आणि मल्टीमीटर. वायर साधी घेऊ नका, घरघर येते. लांबीही लागेल तेवढीच.

खरं काम कागदावर. कुठल्या पिनेवर कोणता चॅनल, हे कंपनीप्रमाणे वेगळं असू शकतं, म्हणून ॲम्प्लिफायरचं मॅन्युअल शोधून तक्ता उतरवून घ्या. अंदाजाने जोडू नका. दुसरं म्हणजे, कनेक्टर समोरून पाहिला आणि सोल्डरच्या बाजूने पाहिला तर आकडे उलटे येतात. पिनेशेजारी प्लास्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात. मोबाईलचा टॉर्च लावून तेच वाचा.

आता पंखा बंद. मे महिन्यात खान्देशात हे सांगणं म्हणजे छळच, पण वाऱ्याने टोक गार पडतं आणि ड्राय सोल्डर (कच्चा जोड) होतं. सकाळीच उरका. आरसीएचं झाकण आणि स्लीव्ह वायरमध्ये आधी ओवा, नंतर घालता येत नाहीत. मधली तार मधल्या पिनेला, शिल्डची जाळी पिळून बाहेरच्या पत्र्याला. दुसऱ्या टोकाला सिग्नल आणि ग्राउंड तक्त्याप्रमाणे. जाळीचा एखादा केस शेजारच्या पिनेला टेकला तरी तो चॅनल मुका होतो. पत्रा तापला की सोल्डर पाण्यासारखं पसरतं. गोळी बसली तर पुन्हा करा.

मीटर बीपवर ठेवून प्रत्येक आरसीएची मधली पिन आणि तिचा डी-सब क्रमांक तपासा. मधली पिन आणि पत्रा यांच्यात बीप आला तर शॉर्ट आहे. प्रत्येक वायरला चॅनलचं नाव चिकटवा.

दोन्ही यंत्रं बंद करूनच जोडा, आवाज शून्यावर. एकाच चॅनलमध्ये घरघर असेल तर त्याची जाळी नीट बसलेली नाही. सगळीकडेच असेल तर डिशची केबल काढून बघा. घरघर थांबली तर तुमच्या केबलचा दोष नाही.