विंडोज ११ वर जुनं बिलिंग सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर

विंडोज १० चा मोफत सपोर्ट (मायक्रोसॉफ्टचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे कितीतरी दुकानदार नवा कॉम्प्युटर घ्यायला तयार नाहीत. भीती एकच: जुनं बिलिंग बंद पडलं तर वर्षानुवर्षांची उधारी कुठं शोधायची? ही भीती खरी आहे. मात्र बऱ्याचदा एवढ्यानं काम होतं:

१. आधी जुन्या मशीनवरचं सॉफ्टवेअरचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या.

२. नव्या मशीनवर सॉफ्टवेअर 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये टाकू नका. सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करून तिथं टाका. जुनी सॉफ्टवेअरं डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात आणि विंडोज 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये तसं लिहू देत नाही. आमच्या दुकानात बिल सेव्ह होत नव्हतं ते यामुळंच. दोन दिवस प्रिंटरवर संशय घेत बसलो होतो.

३. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी. पहिल्या चौकटीत टिक करून 'विंडोज ७' निवडा, ओके करा. नाही चाललं तर 'एक्सपी सर्व्हिस पॅक ३'.

चाललं की दोन-तीन जुनी बिलं उघडून, मराठी-कन्नड दोन्ही नावं नीट दिसतात का बघा. चौकोन किंवा भलतीच अक्षरं आली तर जुन्या मशीनवरचे फॉन्टही आणून बसवा.

एक सांभाळा: डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या) काळातली १६ बिटची सॉफ्टवेअरं विंडोज ११ वर थेट चालतच नाहीत. तसं असेल तर जुना कॉम्प्युटर विकू नका. इंटरनेटची वायर काढून तेवढ्याच कामाला ठेवा.