ट्यूनिंगसाठी ओटू सेन्सर घेताय? या चुका टाळा

एफआय (फ्युएल इंजेक्शन) बाईकला फ्री-फ्लो एक्झॉस्ट लावला, फिल्टर बदलला, पिगीबॅक ईसीयूपण (इंजिनच्या मूळ कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, जोडून पेट्रोलचं प्रमाण बदलणारा बॉक्स) आला, की मग प्रश्न येतो, मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) आहे का लीन (पेट्रोल कमी) ते कळणार कसं? इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बाईकच्या मूळ ओटू सेन्सरची (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिक्श्चर ओळखणारा सेन्सर) वायर टॅप करायची आणि मल्टीमीटरवर व्होल्टेज बघत मॅप (कधी किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता) बनवायचा. प्लीज असं करू नका. आपल्याकडच्या बाईकमध्ये तो सेन्सर सहसा नॅरोबँड असतो, मिक्श्चर लॅम्डा १ च्या (हवा-पेट्रोलचं अचूक प्रमाण; १ पेक्षा कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन) अलीकडे आहे का पलीकडे एवढंच तो सांगतो, साधारण ०.४५ व्होल्टच्या वर रिच आणि खाली लीन. फुल थ्रॉटलला आपल्याला हवं असतं लॅम्डा ०.८५ ते ०.९, आणि तिथे त्याचा कर्व्ह जवळजवळ सपाट होतो, वर एक्झॉस्ट जास्त तापला तरी व्होल्टेज हलतं, मग त्या आकड्यावर विश्वास ठेवून पेट्रोल कमी केलं तर पिस्टन जाऊ शकतो.

म्हणून वाईडबँड, म्हणजे लॅम्डाचा नेमका आकडा सांगणारा सेन्सर. बॉशचा एलएसयू ४.९ सगळीकडे वापरतात आणि नवीन घेत असाल तर तोच घ्या. पण नुसता सेन्सर मागवून काही होत नाही, त्याला कंट्रोलर लागतोच, कारण पंप करंट (सेन्सरमधला ज्यावरून लॅम्डा कळतो तो करंट) मोजणं आणि हीटर सांभाळून टोक ७८० डिग्रीच्या आसपास ठेवणं हे काम त्याचं. आधी कंट्रोलर ठरवा, मग सेन्सर, कारण जुने कंट्रोलर एलएसयू ४.२ वर चालतात आणि हे दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आणि वायर लांब करायची म्हणून कनेक्टर कापू नका! कॅलिब्रेशनचा रेझिस्टर त्या कनेक्टरमध्येच असतो.

आता बसवायचं. एलएसयूचे आटे एम१८ बाय १.५, आणि बऱ्याच छोट्या बाईकचा मूळ सेन्सर एम१२ चा, त्यामुळे त्या भोकात तो जाणारच नाही, बेंड पाईपवर (इंजिनमधून निघणारा एक्झॉस्ट पाईप) वेगळा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करून घ्यावा लागतो. मूळ सेन्सर जागेवर राहू दे, नाहीतर चेक इंजिन लाईट लागेल. बंग सायलेन्सरच्या टोकाजवळ लावला तर सिंगल सिलिंडरला आयडलवर बाहेरची हवा मागे ओढली जाते आणि गाडी लीन नसतानाही लीन दिसते, जॉइंट लीक असेल तरी तेच. सेन्सरचं टोक खाली आणि तो आडव्या रेषेच्या किमान १० डिग्री वर हवा, नाहीतर पाणी साचून सिरॅमिक तडकतं. हीटरपण इंजिन चालू झाल्यावरच ऑन होऊ द्या. ट्यूनिंग झालं की सेन्सर काढून बंगला प्लग लावा, कारण हीटर बंद ठेवून तसाच एक्झॉस्टमध्ये ठेवला तर काजळीने खराब होतो.

मिसफायरवर फसू नका. न जळलेल्या पेट्रोलसोबत ऑक्सिजनपण तसाच बाहेर येतो आणि सेन्सर लीन दाखवतो, मग माणूस अजून पेट्रोल वाढवतो आणि मिसफायर अजून वाढतो, आधी प्लग आणि कॉइल बघा.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे अजून एक गोंधळ होतो. शुद्ध पेट्रोलला १४.७ हे हवा-इंधनाचं गुणोत्तर, ई२० ला ते साधारण १३.५ च्या आसपास येतं, पण सेन्सर मुळात लॅम्डाच मोजतो आणि गेज बहुतेक वेळा त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतं. त्यामुळे डिस्प्ले लॅम्डावर ठेवूनच मॅप करा. आणि क्रूझिंगच्या भागात मॅप कितीही बदला, क्लोज्ड लूप (मूळ सेन्सर बघून ईसीयूने स्वतः पेट्रोल जुळवणं) चालू असेल तर ईसीयू परत लॅम्डा १ कडेच खेचणार, तिथे वाईडबँडला दोष देऊ नका.

रीडिंगवर शंका आली तर सेन्सर काढून मोकळ्या हवेत धरा, कंट्रोलरने ऑक्सिजन २०.९ टक्क्यांच्या जवळ दाखवायला हवा. नाही दाखवला तर आधी कंट्रोलरच्या पद्धतीने कॅलिब्रेट करा, तरी जुळत नसेल तर नवा सेन्सर घ्या आणि त्या काळात काढलेले लॉग मॅपसाठी वापरू नका.