सुप्याच्या माळावरचा पाऊस गवतावरून कसा ओळखावा

आम्ही मुंबईकर पाऊस मोजतो लोकल बंद पडल्या का यावरून. घाटापलीकडे हा हिशेब चालत नाही. परळहून जेजुरीला, मोरगावला जाताच ना? मग थोडं पुढे सुप्याला जा. वर्षाचा पाऊस तिथे जेमतेम ५०० मिलिमीटर. सांताक्रुझला २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ पडला होता! पण माळाचं खरं दुखणं दोन पावसांमधला खंड आहे. तो कसा बघायचा ते सांगते.

माझ्या नणंदेचं सासर तिकडचं, म्हणून पडीक माळ हक्काचा. तुम्ही ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून घ्या. तिथल्या मयूरेश्वर अभयारण्यात काही उकरायचं नाही; चिंकारे बघायचे आणि निघायचं.

सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा. सकाळी साडेआठला आत पट्टी धरून पाणी मोजा, मग डबा रिकामा करा. हवामान खात्याची वेळही हीच, आणि अडीच मिलिमीटरच्या खाली ते पावसाचा दिवस धरत नाहीत. आमच्याकडे भाचा कॅलेंडरवर लिहितो. कोरडे दिवस त्याला मुद्दाम लिहायला लावलेत.

पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी खुरप्याने उकरून ओल कुठवर गेली ते बघा. चार-पाच मिलिमीटरची भुरभुर वरची माती भिजवते आणि उन्हात उडून जाते. दोन तासांत साठ कोसळला तर मुरमाड उतारावरची माती घेऊन ओढ्याला लागतो. तेवढाच पाऊस आठवडाभर थोडाथोडा आला तर मुरतो. वर्षाची बेरीज दोन्हीकडे एकच!

आता गवत. सुतळी आणि चार खुंट्या घेऊन मीटरभर चौकोन आखा. मारवेल, पवन्या ही वर्षानुवर्षं टिकणारी गवतं. खंड पडला की पाती वाळते, पण ठोंब, म्हणजे गवताचा बुडखा, जिवंत असतो, पुढच्या सरीला फुटतो. एका हंगामाची गवतं पहिल्या पावसाला भराभर उगवतात. मग जुलैत मोठी उघडीप आली की बी धरण्याआधीच करपतात. म्हणून चौकोनातले ठोंब मोजा. जूनचा हिरवेपणा फोटोपुरता.

ठोंब चराईनेही कमी होतात. दोष पावसाचा की मेंढरांचा हे कळायला दुसरा चौकोन बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालून राखा. दोन्हीकडे सारखेच ठोंब मेले, तर पावसाकडे बोट दाखवा. धनगरांनाही विचारा, "यंदा गवताला बी धरलं का?" दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकटचे तांडे, कोकणात उतरतात, त्याआधी गाठा.

आणि कृपा करून माळावर झाडं लावायला जाऊ नका. 'ओसाड' म्हणून तिथे गिरिपुष्प लावलेलं मी पाहिलंय. सावलीत गवत मरतं आणि गवतावरचे चंडोल, धाविक हे पक्षी जागा सोडतात.

दरवर्षी परतीच्या पावसानंतर तेच चौकोन मोजा. मोजे घालू नका. कुसळी गवताचं कुसळ ओल लागली की पीळ सोडत फिरतं आणि आत शिरतं. मातीत बी पेरायची त्याची ती युक्ती मोज्यातही तितकीच चालते.