तळ पाहून रांधावे : मध्ययुगीन इंग्लंडमधील भांडी आणि त्यांतला स्वयंपाक

चौदाव्या शतकातील इंग्रज शेतकऱ्याच्या घरी जेवण कसे शिजत असे, हे स्वतः रांधून पाहायचे असेल, तर पदार्थांची यादी बाजूला ठेवावी आणि सुरुवात भांड्याच्या तळापासून करावी. आपल्या चुलीला भांडे टेकवण्यासाठी मातीचे तीन उंचवटे असतात, त्यामुळे आपल्या पातेल्याला पाय लागत नाहीत. तिकडच्या सामान्य घरात अशी चूल नव्हती. घराच्या मधोमध, जमिनीवरच किंवा सपाट दगडांच्या थरावर विस्तव पेटवलेला असे आणि धूर छपरातून वाट काढीत बाहेर पडे. भांडे टेकवण्याची सोय विस्तवाच्या जागेत नसल्यामुळे ती भांड्यातच करावी लागली. निखाऱ्यांत रुतून बसेल असा गोल तळ, विस्तवावर उभे राहता येईल असे तीन पाय, किंवा वरून टांगता येईल अशी कडी, असे त्या काळातील बहुतेक भांड्यांचे प्रकार पडतात. प्रत्येकाची आच निराळी, म्हणून प्रत्येकातला पदार्थही निराळा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांनी शक्य झाल्यास वेस्ट ससेक्समधील सिंगल्टन येथे वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयातील ‘बे-लीफ’ हे शेतघर आधी पाहून यावे. केंट परगण्यातील चिडिंगस्टोन येथून हलवून पुन्हा उभारलेल्या या घराचा मधला भाग पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. त्याच्या उघड्या दालनात जमिनीवरच्या विस्तवाजवळ उभे राहिले, की स्वयंपाक करणाऱ्या बाईला किती वाकावे लागत असेल आणि धूर कुठल्या उंचीवर साचत असेल, हे अंगानेच कळते.

मातीचे भांडे : निवड आणि तयारी

बाराव्या-तेराव्या शतकांतील इंग्रजी मडके आपल्या तवलीचे भावंड शोभावे असे असते. त्याला बाहेरून झिलई नसते, तोंड रुंद असते, काठ बाहेर वळलेला असतो आणि तळ किंचित खाली फुगलेला असतो. तळाला कोपरा नसल्यामुळे ताण एका रेषेत साठत नाही, आणि मातीत मिसळलेली वाळू, गारगोटीची भरड किंवा शिंपल्यांचा चुरा बारीक तडेला पुढे सरकू देत नाही. आपले कुंभारही चुलीवरच्या भांड्याच्या मातीत वाळू किंवा राख मिसळतात, त्यामागचे कारण हेच. म्हणून महाराष्ट्रात हा प्रयोग करताना परदेशी नक्कल मागवण्याची काहीच गरज नाही. कुंभाराकडून साधारण ४ लिटरची, झिलई नसलेली, गोल बुडाची तवली आणावी. बोटाच्या पेराने ठोकल्यावर ती खणखणीत वाजली पाहिजे. बद्द आवाज आला तर ती घेऊ नये. चकचकीत रंगीत झिलईची शोभेची भांडी या कामासाठी सर्वथा टाळावीत.

तवली रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी, दुसऱ्या दिवशी सावलीत सुकवावी आणि मग तिच्यात तांदळाची पातळ पेज मंद आचेवर तासभर उकळावी, म्हणजे बारीक छिद्रे बुजतात. पेज ही अर्थातच आपली रीत झाली. इंग्रजी मडक्यांची छिद्रे वापरता वापरता दुधाने आणि चरबीने भरत गेली, आणि त्याचा एक अनपेक्षित लाभ आज आपल्याला मिळाला आहे. नॉर्थहॅम्प्टनशायरमधील वेस्ट कॉटन या मध्ययुगीन वस्तीतील खापरांमध्ये मुरलेल्या स्निग्धांशाचे विश्लेषण ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी केले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून गोमांस किंवा मेंढीचे मांस कोबी आणि लीक यांसारख्या भाज्यांबरोबर शिजवले जात असे, आणि काही भांडी दुधाच्या पदार्थांसाठी वापरली जात, हे स्पष्ट झाले. श्रीमंतांच्या पाककृती लिहिल्या गेल्या. शेतकऱ्याच्या जेवणाची नोंद मात्र त्याच्या मडक्यानेच ठेवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पॉटेज

पॉटेज म्हणजे भांड्यात एकत्र शिजवलेले दाट कालवण. गरिबाच्या घरी हेच मुख्य अन्न होते आणि श्रीमंताच्या पंगतीतही त्याला स्थान होते. मिरची, टोमॅटो, बटाटा आणि मका यांपैकी काहीही त्या काळी युरोपात पोहोचले नव्हते, हे लक्षात ठेवावे. मिरी मात्र होती. ती मलबार किनाऱ्यावरून अनेक हात बदलत लंडनला पोहोचत असे आणि त्यामुळे महाग पडे. शेतकऱ्याचे पॉटेज रांधताना ती वगळणेच योग्य ठरेल.

२०० ग्रॅम वाळलेले हिरवे वाटाणे रात्रभर भिजत घालावेत. त्यांबरोबर ७५ ग्रॅम जव, दोन जुड्या पातीचा कांदा (लीक मिळत असेल तर तोच घ्यावा), पाव कोबी, थोडी पार्स्ली आणि मीठ एवढे साहित्य पुरे होते. ज्यांच्या घरी चालत असेल त्यांनी खारवलेल्या डुकराच्या मांसाचा लहान तुकडा घालावा. उपवासाच्या दिवशी इंग्रज घरांतही तो घालत नसत. शुक्रवार, शनिवार आणि ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस मांस वर्ज्य होते, त्यामुळे बिनमांसाचे पॉटेजही अस्सलच समजावे.

विस्तव स्वयंपाकाच्या किमान एक तास आधी, अंगणात मोकळ्या जागी पेटवावा. आपल्याला ज्वाळा नकोत, निखारे हवेत. पुरेसे निखारे झाले की त्यांतील थोडे एका बाजूला ओढून पसरावेत, त्यांवर मूठभर राख भुरभुरवावी आणि त्या मऊ बैठकीत तवली रुतवावी. मुख्य विस्तव तवलीच्या शेजारी राहील, खाली राहणार नाही, याची काळजी घ्यावी. उत्खननात सापडणाऱ्या पुष्कळ मडक्यांवर काजळीचे डाग तळापेक्षा कडांवर आणि एखाद्या बाजूला अधिक दिसतात, ते अशाच बैठकीमुळे. चुलीवर ज्वाळेच्या माथ्यावर भांडे ठेवण्याची सवय असलेल्या हातांना हे आरंभी चुकीचे वाटते, परंतु उष्णता बाजूने येत असल्यामुळे भांड्यातील कालवण एका कडेने उकळून वर येते, दुसऱ्या कडेने खाली जाते आणि त्यामुळे ढवळण्याचे अर्धे काम आपोआप होते.

तवलीत वाटाणे, जव आणि पावणेदोन लिटर कोमट पाणी घालावे. दोन तृतीयांशांपेक्षा अधिक भरू नये. दर पंधरा मिनिटांनी तवली जाड फडक्याने धरून पाव वळसा फिरवावी, म्हणजे एकच बाजू सतत तापणार नाही. शेजारी दुसऱ्या भांड्यात पाणी तापत ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण आटलेले पाणी भरून काढताना गार पाणी ओतले तर तवली तडकते. सुमारे दीड तासाने वाटाणे बोटाने चेपू लागले की कांद्याची पात आणि चिरलेला कोबी घालावा, आणखी अर्धा-पाऊण तास शिजू द्यावे आणि लाकडी डावाने घोटावे. मीठ शेवटी घालावे. पाणी किती आटेल याचा अंदाज उघड्या विस्तवावर आधी येत नाही. पातळ वाटल्यास शिळ्या पावाचा चुरा घालून दाटपणा आणावा, हीही तिकडचीच रीत होय.

आता सर्वांत नाजूक काम उरते, ते म्हणजे भांडे खाली उतरवण्याचे. पंधराव्या शतकातील एका इंग्रजी पाककृतीत, भांडे मातीचे असेल तर उतरवल्यावर ते गवताच्या काडावर ठेवावे, जमिनीला टेकू देऊ नये, नाहीतर फुटेल, अशी स्पष्ट सूचना आहे. आपल्याकडे यासाठी चुंबळ आहेच. सुक्या गवताची किंवा सुती फडक्याची चुंबळ आधीच करून हाताशी ठेवावी. माझी पहिली तवली मी घाईत ओल्या फरशीवर ठेवली आणि ती तळापासून काठापर्यंत उभी चिरली. अडीच तासांचे कालवण मातीत गेले, आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या आचाऱ्याने हे वाक्य का लिहिले असेल ते मला तेव्हा नीट उमगले.

तीच पाककृती अख्ख्या कोंबडीसाठी आहे आणि मांसाहारी वाचकांनी ती अवश्य करून पाहावी. भांड्याच्या तळाशी आणि कडांना लाकडाच्या स्वच्छ चिपा लावतात, म्हणजे मांस कुठेही मातीला चिकटत नाही. पार्स्ली, सेज, हिसॉप, रोजमेरी आणि थाइम या सुवासिक पाल्यांबरोबर कोंबडी ठेवून पाण्याऐवजी केवळ वाइन घालतात, झाकण बसवून त्याची फट कणकेने लिंपतात आणि कोळशाच्या निखाऱ्यांवर सावकाश शिजवतात. आपल्याला ठाऊक असलेला दम तो हाच. चिपांसाठी आंबा किंवा बाभूळ यांसारखे न रंगवलेले, न चिकटवलेले लाकूड वापरावे. प्लायवूड अजिबात वापरू नये.

तीन पायांचे धातूचे भांडे

ज्याच्या घरी थोडी ऐपत असे, त्याच्याकडे पितळी म्हणून नोंदवलेले, प्रत्यक्षात बहुधा काशासारख्या मिश्रधातूचे ओतीव भांडे असे. पोट गोल, तीन पाय आणि काठाजवळ कडी अडकवण्यासाठी दोन कान, असे त्याचे रूप होते. तेच लहान करून लांब दांडा जोडला की दूध किंवा सार तापवण्याचे भांडे तयार होई. घंटा ओतणारे कारागीरच अनेक ठिकाणी ही भांडी ओतत. वूस्टरशायरमधील काही जहागिरींच्या कागदपत्रांत, शेत कुळाकडून पुढच्या कुळाकडे जाताना कोणत्या वस्तू घरातच राहिल्या पाहिजेत याच्या याद्या आहेत आणि त्यांत गाडी व नांगर यांच्या पंक्तीला धातूचे हंडे आणि पातेली दिसतात. भांडे झिजले की तिथे ठिगळ लावीत आणि अगदीच निकामी झाले की वितळवून पुन्हा ओतीत. त्यामुळे अखंड हंडे आज थोडे उरले आहेत, पण त्यांचे तुटलेले पाय इंग्लंडमधील शेतांत धातुशोधकांना वारंवार सापडतात.

जुन्या बाजारातून आणलेल्या अस्सल पुरातन भांड्यात कधीही रांधू नये, कारण त्या मिश्रधातूत शिशाचे प्रमाण बरेच असू शकते. आज दक्षिण आफ्रिकेत वापरले जाणारे तीन पायांचे बिडाचे भांडे आकाराने पुष्कळच जवळचे आहे. त्याचा धातू मात्र त्या काळाशी जुळत नाही: बीड ओतण्यासाठी लागणारी झोतभट्टी इंग्लंडमध्ये १४९६ च्या सुमारास ससेक्समधील न्यूब्रिज येथे आली, आणि तोपर्यंत घरातील लोखंड म्हणजे लोहाराने घडवलेली तळणी, जाळी, सळ्या आणि आकडे एवढेच होते. हेही मिळाले नाही तर ताजी कल्हई केलेले पितळी पातेले लोखंडी तिवईवर ठेवावे. तळात पसरट असलेले पातेले तिवईवर ठेवण्याची पद्धत इंग्रज घरांतही होती.

या भांड्याखाली थेट विस्तव घालता येतो, पाणी लवकर उकळते आणि तळाला लागण्याचा धोकाही तितकाच वाढतो. म्हणून त्यात भरपूर पाण्याचे पदार्थ करावेत. गव्हाची फ्रुमेंटी त्यासाठी उत्तम. गहू ओलसर करून उखळात कांडावा, कोंडा पाखडून टाकावा आणि दाणे फुटेपर्यंत पाण्यात शिजवावेत. मग भांडे उतरवून निवू द्यावे, दूध घालून पुन्हा मंद आचेवर ठेवावे, आणि शेवटी फेटलेले अंड्याचे पिवळे बलक व केशर मिसळून उकळी येण्याआधीच खाली घ्यावे. इथपर्यंत खपलीच्या खिरीची आठवण होणे साहजिक आहे. परंतु त्यात गूळ न घालता मीठ घालावे, कारण इंग्रज सरदारांच्या पंगतीत ती हरणाच्या मांसाबरोबर वाढत असत. चाळीस दिवसांच्या उपवासात दुधाच्या जागी बदामाचे दूध येई.

विस्तवाजवळ लहान मुलांना येऊ देऊ नये. त्या काळातील अपमृत्यूंच्या चौकशांमध्ये उकळते भांडे कलंडून मुले भाजल्याच्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात. तीन पायांवरचे भरलेले भांडे आपण समजतो तितके स्थिर नसते.

धुणे आणि विस्तव झाकणे

मातीच्या तवलीला साबण लावू नये, कारण ती तो पिऊन घेते. कोमट पाणी, बारीक राख आणि काथ्या पुरेसा आहे. इंग्रज घरांत वाळू आणि गवताचा बोळा वापरीत. धुतल्यावर ती उपडी घालून पूर्ण सुकवावी, नाहीतर आतून बुरसते. पितळी पातेल्यात व्हर्जूससारखे, म्हणजे कच्च्या द्राक्षांच्या किंवा रानसफरचंदांच्या आंबट रसाचे, कालवण करून ठेवू नये. कल्हई कुठे उडाली असेल तर तिथे हिरवे कीट धरते, तेव्हा पदार्थ शिजताच तो लगेच मातीच्या किंवा लाकडाच्या भांड्यात काढावा.

शेवटी निखारे विझवायचे नसतात. ते एकत्र ओढून त्यांवर राखेचा थर द्यावा आणि वरून मातीचे मोठे झाकण उपडे घालावे. त्याला हवेसाठी एखादे छिद्र असावे. मध्ययुगीन घरांत यासाठी मूठ असलेले मातीचे खास झाकण मिळे. त्याचे फ्रेंच नाव ‘विस्तव झाक’ अशा अर्थाचे होते, आणि रात्री विस्तव झाकण्याची वेळ कळवणाऱ्या घंटेलाही तेच नाव पडले. आपल्या वर्तमानपत्रांतील ‘कर्फ्यू’ हा शब्द तिथूनच आला आहे. झाकण घालताना आजूबाजूचे सुके गवत आणि चुंबळ दूर करावी, जवळ पाण्याची बादली ठेवावी, आणि सकाळी राख हलक्या हाताने बाजूला सारून फुंकणीने आतला निखारा फुलवावा.