फेलोशिपचा अर्ज दुसऱ्यांदा भरताना काय बदललं

विज्ञान आणि धर्म या विषयावरच्या पत्रकारिता फेलोशिपला पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा प्रपोजलमध्ये गॅलिलिओ, डार्विन, अंधश्रद्धा, ध्यान सगळंच कोंबलं होतं, नकार आला, खूप लागलं ते मनाला.

मग नोव्हेंबरात कोल्हापूरला अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेले. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, हळूहळू देवीच्या पायांवरून वर सरकतं आणि अख्खी गर्दी श्वास रोखून बघत असते. माझ्या शेजारच्या आजींचे जोडलेले हात थरथरत होते. २१ डिसेंबरच्या साधारण ४२ दिवस आधी आणि ४२ दिवस नंतर सूर्य जवळपास एकाच जागी मावळतो, म्हणून हा सोहळा नोव्हेंबरात आणि परत जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला होतो. वाटेतल्या इमारती, ढग यांनी किरण अडतात, त्याची मोजमापं घेणारे अभ्यासकही आहेत.

बस, विषय मिळाला. नव्या अर्जात एकच देऊळ आणि एकच प्रश्न, किरण अडले तर आजींना काय वाटतं आणि मोजणाऱ्याला काय. कुणाला भेटणार, कोणत्या तारखांना, प्रवासखर्च किती, सगळं नेमकं लिहिलं, आणि यावेळी इंटरव्ह्यूचा मेल आला!