एरर गेली म्हणजे स्क्रिप्ट सुधारली असं नसतं: एएफएल लिहिताना या चुका टाळा

शनिवारी मार्केट बंद असलं की कुणी ना कुणी लॅपटॉप घेऊन येतंच. कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत एक अमृततुल्य आहे तिथे बसतो, आणि बहुतेक वेळा प्रॉब्लेम तोच असतो. ॲमीब्रोकर हे चार्ट काढायचं आणि ट्रेडिंगचे नियम तपासायचं सॉफ्टवेअर, एएफएल ही त्याची भाषा. त्यात स्क्रिप्ट लिहिली, इफ टाकलं, एरर ६ आली, मग कुणीतरी जुगाड सांगितला, एरर गेली, आणि आता "काका, बॅकटेस्ट जबरी येतोय पण लाईव्हला लागतच नाहीये". बॅकटेस्ट म्हणजे जुन्या डेटावर नियम चालवून बघणं.

ही एरर ६ काय म्हणते ते कुणी वाचतच नाही. लाल अक्षरं दिसली की थेट कॉपी पेस्ट. अहो, ॲमीब्रोकरमध्ये क्लोज, म्हणजे बंद भाव, हा एक आकडा नसतो, ती अख्खी रांग असते, ॲरे. दहा वर्षांचा डेली डेटा असेल तर साधारण अडीच हजार आकडे एकाच नावाखाली. तुम्ही 'इफ, क्लोज ५० दिवसांच्या ॲव्हरेजच्या वर' असं लिहिलं की एक हो किंवा नाही येत नाही, अडीच हजार हो-नाही येतात, आणि इफला हवं असतं एकच. ते बिचारं विचारतंय की बाबा, कुठल्या दिवसाचं सांगू? ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साईटची भाषा पाईन, तिच्यावरून आलेल्यांचा जास्त घोळ होतो कारण तिथे स्क्रिप्ट एकेका बारवर, म्हणजे चार्टवरच्या एकेका काडीवर चालते, म्हणून तिथे इफ चालून जातं. इथे सगळी रांग एका दमात जाते. त्यासाठी आयआयएफ आहे, ते प्रत्येक बारला वेगळं उत्तर देतं. आणि नुसतं बाय लिहायचं असेल तर तेही नको, बाय बरोबर (=) कंडिशन, संपलं.

आता तो जुगाड. कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवर एकाला सांगितलं की कंडिशनला लास्टव्हॅल्यूमध्ये गुंडाळ, एरर जाते. जाते हो, खरंच जाते, कारण लास्टव्हॅल्यू रांगेतला शेवटचा आकडा उचलतं आणि इफला एकच उत्तर मिळतं. सिंहगड रोडचा हा मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, निफ्टीच्या ५० शेअर्सवर दहा वर्षांचा बॅकटेस्ट घेऊन आला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून नुसता हसत बसला. इक्विटीची लाईन अशी वर गेलेली की जणू पर्वतीच्या पायऱ्या. मी म्हटलं, ट्रेड लिस्ट उघड. तो म्हणे, ती कशाला, खाली प्रॉफिट दिसतोय की. उघडायला लावली. ५० पैकी ३१ शेअर्समध्ये ट्रेड, प्रत्येकात एकच, आणि सगळ्यांची एंट्री डेटाच्या पहिल्याच दिवशी, एक्झिट नाहीच! उरलेल्या १९ मध्ये एकही ट्रेड नाही. म्हणजे झालं काय, तर जो शेअर आज ५० च्या ॲव्हरेजच्या वर आहे त्यात बायला सगळ्या बारवर १ लागला, जो खाली आहे त्यात सगळीकडे ०. आज कोण जोरात आहे ते बघून स्क्रिप्टने तेच शेअर दहा वर्षांपूर्वी घेतले. उद्याचा पेपर आज वाचून कुणीही पास होईल. पोराचा चहा गार झाला आणि मला म्हणतो कसा, "पण काका, एरर तर येत नव्हती ना."

एरर येत होती तेच बरं होतं रे. लास्टव्हॅल्यू वाईट नाही, चार्टच्या टायटलमध्ये आजचा आकडा दाखवायला मीही वापरतो, पण बाय-सेलच्या आसपास दिसलं की मी आधी ते खोडतो आणि मगच पुढचं वाचतो.

त्याच जातीची दुसरी चूक रेफची, म्हणजे मागच्या-पुढच्या बारचा आकडा आणणाऱ्या फंक्शनची. पाईनमध्ये क्लोजच्या पुढे कंसात १ म्हणजे कालचा, तीच सवय इथे आणून लोक रेफमध्ये १ टाकतात. इथे १ म्हणजे उद्याचा. कालचा हवा असेल तर -१. एडिटरच्या टूल्स मेनूत कोड चेक अँड प्रोफाइल आहे, फॉर्म्युला पुढचा डेटा बघतोय का ते सांगतं, तेवढं दाबायला दोन सेकंद लागतात पण दाबणार कोण.

आता माझीच अब्रू काढतो. सुरुवातीच्या काळात मी ब्रेकआऊटची स्क्रिप्ट लिहिली, क्लोज हा २० दिवसांच्या एचएचव्हीच्या, म्हणजे त्या दिवसांतल्या सगळ्यात वरच्या हायच्या, वर गेला की बाय. एकही सिग्नल नाही. एका वर्षात नाही, पाच वर्षांत नाही. डेटा परत डाऊनलोड केला, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, रात्रीचे दोन वाजले. सकाळी वही काढून एकाच दिवसाचे आकडे हाताने लिहिले तेव्हा दिसलं. आजचा हाय ५१२, आजचा क्लोज ५०८, आणि एचएचव्ही किती, तर ५१२, कारण त्या २० दिवसांत आजचा दिवसही धरलेला असतो. क्लोज आजच्याच हायच्या वर जाणार कसा? कालपर्यंतचा एचएचव्ही ५०५ होता, तो हवा, म्हणजे एचएचव्हीला रेफ -१ लावायचं आणि ५०८ हा ५०५ च्या वर, झाला ब्रेकआऊट. हल्लीची घाईची मंडळी यावर 'मोठा किंवा बरोबर' असं चिन्ह टाकून मोकळी होतात, मग बरोब्बर हायवर बंद झालेल्या दिवशीच सिग्नल येतो, वर्षातून दोन-चार, आणि त्यालाच म्हणायचं "फिल्टर्ड सेटअप".

आयआयएफच्या आत कलर बरोबर लाल, कलर बरोबर हिरवा असं लिहू नका. ते फंक्शन आहे, दोन्ही बाजू चालवून मोकळं होतं. कलर बरोबर आयआयएफ, मग कंडिशन, लाल, हिरवा. अक्षरं दाखवायची असतील तर राईटइफ.

फॉर लूप ० पासून आणि आत आय वजा १? एरर १०, कारण रांग ० पासून सुरू होते, -१ वा आकडा नसतोच. लूप १ पासून.

सव्वानऊ वाजून गेले का हे तपासताना ९१५०० लिहायचं, ९१५ नाही, सेकंदांचे दोन शून्य राहिले की कंडिशन दिवसभर खरीच.

अँड आणि ऑर एकाच ओळीत असतील तर कंस टाका, अँड आधी सुटतं. कंस फुकट आहेत.

चार्ट झूम केला की बाय-सेलचे बाण गायब होतात, हे भूत नाहीये, क्विकएएफएल आहे. स्पीडसाठी ते लागतील तेवढेच बार मोजायला घेतं, आणि तुमचा लूप पहिल्या बारपासून हिशोब धरत असेल तर पहिला बारच बदलतो. स्क्रिप्टच्या वर सेट बार्स रिक्वायर्डमध्ये एसबीआर ऑल टाका, म्हणजे सगळे बार मोजले जातात. पण सगळ्या स्क्रिप्टमध्ये डोळे मिटून टाकू नका, मग एक मिनिटाच्या चार्टवर कॉम्प्युटर रांगतो आणि परत माझ्याकडेच येता.

माझी पद्धत काय म्हणाल तर शास्त्रीय वगैरे काही नाही. प्रत्येक कंडिशनला वेगळं नाव देतो, खालच्या पेनमध्ये ती एकटीच हिस्टोग्राम म्हणून काढतो, ० किंवा १, आणि ॲरो कीने एकेक बार सरकवत दहा बार वहीशी ताडून बघतो. मग दुसरी. सगळ्या जमल्या की अँड लावतो. पंधरा मिनिटं जातात. दोन वाजेपर्यंत जागण्यापेक्षा बरी.

आणि मदत मागायची असेल तर मोबाईलने स्क्रीनचा तिरका फोटो काढून एररची ओळ अर्धी कापून पाठवू नका, पूर्ण कोड पाठवा. साडेतीनच्या आधी फोनही नको, माझेही ट्रेड चालू असतात.