गरीब गावातल्या जिल्हा परिषद शाळेसाठी हक्काचा निधी कसा मागावा

पटावर ३० मुलं असली तर शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १० हजार रुपये. ३१ झाली की २५ हजार. 'समग्र शिक्षा' या सरकारी शाळा-योजनेचं हे माप डोकी मोजतं, गरिबी मोजत नाही. लाइट बिल, खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती सगळं त्यातच, शिवाय किमान १० टक्के स्वच्छतेवर. हमरस्त्यावरच्या मोठ्या गावात माजी विद्यार्थी शाळेला रंग देतात, टीव्ही देतात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याच्या वाटेला लागतं; तिथे वर्गणी कुणाकडे मागायची? दोन्ही शाळांना एकच माप लावणं हा न्याय नाही. गरज जास्त त्या शाळेला निधी जास्त, ही आपली मागणी आहे. बीड जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक म्हणून काम केलं. तिथे जे शिकले ते क्रमाने सांगते.

सुरुवात यू-डायसच्या, म्हणजे शाळेची माहिती दरवर्षी सरकारला कळवायच्या फॉर्मपासून करा. खोल्या, शौचालयं, पाणी, वीज, पट ही सगळी माहिती त्यातून वर जाते आणि जिल्ह्याचा वार्षिक आराखडा त्याच आकड्यांवर बनतो. मुख्याध्यापकांना सरळ म्हणा, "सर, यंदाचा फॉर्म समितीला बघू द्या." आमच्या फॉर्मात मुलींचं शौचालय 'वापरात' होतं. प्रत्यक्षात दाराची कडी तुटलेली, नळाला पाणी नाही, आणि चौथी-पाचवीच्या पोरी मधल्या सुट्टीत घरी पळायच्या. कुणी मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं, मागच्या वर्षीचंच पुढे ओढलं होतं. पण कागदावर जिथे सगळं धड आहे, त्या शाळेला दुरुस्तीचा पैसा कोण देईल? सोबत मुलांच्या आधार नोंदीही तपासून घ्या. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शिक्षकांची पदं ठरतात. नाव किंवा जन्मतारीख न जुळलेलं मूल त्यात धरताना अडचण येते.

मग शाळा विकास आराखडा. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २२ नीट वाचा. व्यवस्थापन समितीने केलेला आराखडा हाच शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या योजनांचा व अनुदानाचा आधार राहील, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, हेही याच कायद्यात आहे. म्हणून बैठक खरी घ्या, नुसत्या सह्या फिरवू नका. बायकांना बोलतं करा. शौचालय आणि पाण्याची खरी हकिकत त्यांच्याकडूनच कळते.

ठराव मोघम नको. आम्ही आधी 'शाळेची दुरवस्था दूर करावी' असा अर्ज दिला होता, तो तसाच पडून राहिला. पुढच्या वर्षी असं लिहिलं: "तिसरी-चौथीच्या खोलीचं छत तीन ठिकाणी गळतं. पावसाळ्यात १९ मुलं व्हरांड्यात बसतात. खोलीची तपासणी करून धोकादायक असल्यास निर्लेखन करावं (म्हणजे ती मोडीत काढावी) व नवी खोली मंजूर करावी." सूचक, अनुमोदक, फोटो, पटाची प्रत सगळं जोडलं. आठवड्यात अभियंता खोली बघायला आला. निजामकालीन इमारतीत भरणाऱ्या शाळांनी तर ही तपासणी आग्रहाने मागावीच.

कोणती मागणी कुठे न्यायची, हे कळलं की निम्मे हेलपाटे वाचतात. पाणी, शौचालय, संरक्षक भिंत आधी ग्रामसभेत मांडून ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घाला. खोल्या आणि मोठी दुरुस्ती गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे. त्याची प्रत जिल्हा नियोजन समितीला द्या. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सचिव असतात.

हंगामी वसतिगृहाची मागणी सगळ्यात आधी करायची. आई-बाप ऊसतोडीला गेले तरी पोरांनी गावात राहून शिकावं, यासाठी ते व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम घेतली की घर यंदा जाणार हे गावाला कळतं. यादी तेव्हाच करा, घरोघरी जाऊन: मुलाचं नाव, इयत्ता, मागे आजी-आजोबा कोण राहणार, कोणत्या कारखान्याला जाणार. ऑगस्ट-सप्टेंबरात प्रस्ताव गेला पाहिजे. एका वर्षी आमची मंजुरी आली तेव्हा गाड्या भरून गेल्या होत्या. सहावीतली एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर गेली ती उन्हाळ्यातच परतली. त्या वर्षाचं तिचं शिक्षण कोणतंच अनुदान भरून देणार नाही.

बाकीच्या मागण्यांनाही वेळ असते. नियोजन समितीचे आणि समग्र शिक्षेचे आराखडे हिवाळ्यात तयार होतात, राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. दिवाळीनंतर लगेच कागद पोहोचवा. मार्चअखेरीला दिलेला अर्ज पुढच्या सालावर जातो.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "आमच्या शाळेला तीन वर्षांत कोणत्या लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या सदराखाली) किती रक्कम मंजूर झाली, किती मिळाली, कोणत्या तारखेला?" एवढंच पुरे. ३० दिवसांत माहिती आली नाही तर पहिलं अपील करा.

एकट्या शाळेचा आवाज वरपर्यंत जात नाही. आपल्या केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाखालच्या आठ-दहा शाळांच्या समित्या एकत्र करा, मागण्यांचा एकच तक्ता बनवा आणि अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधी आमदारांना भेटा, म्हणजे प्रश्न विचारायला त्यांच्या हातात वेळ राहतो. इथे मागणी केवळ आपल्या खोलीची ठेवू नका. स्थलांतराच्या गावांतल्या शाळांना पटाच्या मापावर जादा अनुदान मिळावं, हे लेखी द्या. संविधानाच्या कलम ३७१(२) मध्ये मराठवाड्याला विकासखर्चाचं न्याय्य वाटप मिळण्याची तरतूद आहे. मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, कलम मात्र तसंच आहे. निवेदनात त्याचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करा.

सगळ्या पोचपावत्या, ठराव, फोटो एका फायलीत तारखेप्रमाणे लावा. एक संच शाळेत, एक अध्यक्षांच्या घरी. नवी समिती बसली की पहिल्याच बैठकीत ती फाइल वाचून दाखवा आणि पुढचा पाठपुरावा कोण करणार, त्याचं नाव इतिवृत्तात लिहून घ्या.